दीपमालाचं मनोगत

“सर, हे मी कवा म्हनले?”

कागद माझ्यासमोर धरून पोरीनं एवढंच विचारलं. आवाज चढवला नाही, तोंड वाकडं केलं नाही. दुकानात शेंगदाणे मागावेत आणि पुडीत हरभरे निघावेत, तसं साधं विचारलं. मी खुर्चीत रेलून चहा पीत होतो. तो घशातच अडकला आणि असा ठसका लागला की बाहेरून आमची शिपाई मुक्ताबाई पाण्याचा तांब्या घेऊन पळत आली. आता यात ठसका लागण्यासारखं काय होतं? आमच्या क्लासचं जे पोरगं नंबर काढतं त्याचं मनोगत मी लिहितो, ही काय चोरी आहे का? नीटचा निकाल लागतो, पोरगं येतं, मी कागद देतो, पोरगं तो पाठ करतं, डोक्याला फेटा बांधून कॅमेऱ्यापुढं म्हणतं आणि आपल्या वाटेनं डॉक्टर व्हायला निघून जातं. डझनांनी गेली. कुणी म्हणालं, छान हाय सर. कुणी म्हणालं, थोडं लहान करा ना सर. एका डॉक्टरच्या पोरानं इंग्रजीत करून मागितलं. पण हे मी कधी म्हणालो, असं एकानंही विचारलं नाही. विचारायचं नसतंच ते. लग्नपत्रिकेत खाली छापतात ना, ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!’ आणि पुढं पाळण्यातल्या पोराचं नाव. ते पोर कधी म्हणालं, असं कुणी विचारतं का? सगळे जेवून जातात.

तर ही दीपमाला. गाव युसूफ वडगावच्या पलीकडं. आईबाप ऊसतोडीला जाणारे, ही मामाकडं राहून शिकलेली. नांदेडच्या सरकारी मेडिकल कॉलेजात नंबर लागलेला आणि उद्या पाचच्या आत तिथं मूळ कागद घेऊन हजर व्हायचं, नाही तर जागा दुसऱ्याची. मूळ कागद म्हणजे कॉलेज सोडल्याचा दाखला आणि बारावीचं मार्कशीट. दोन्ही माझ्या केबिनमधल्या लोखंडी कपाटात. केबिन कसली, गच्चीच्या जिन्याखाली प्लायवूड ठोकून केलेलं खुराडं, पण बाहेर पाटी आहे: समुपदेशक. आणि विजयसिंह सरांचा हुकूम असा, की मनोगताचं शूटिंग झाल्याशिवाय कपाट उघडायचं नाही. पोरं कागद घेऊन पसार होतात, मग दुसऱ्याच क्लासच्या फ्लेक्सवर हसताना दिसतात. मागं एक जण तर एकाच वेळी तीन क्लासच्या फ्लेक्सवर होता, तीन वेगवेगळ्या रंगांच्या फेट्यांत. तेव्हापासून आमच्या सरांनी ही युक्ती काढली. आधी फेटा, मग दाखला.

आता कुणी म्हणेल, क्लासकडं कॉलेजचा दाखला कसा? अहो, तेच तर आमचं शिक्षण. ज्युनिअर कॉलेजही सरांच्याच संस्थेचं. माळावर पत्र्याच्या चार खोल्या, एक क्लार्क आणि एक सांगाडा, तोही प्लॅस्टिकचा. पोरांची नावं तिथं, पोरं इकडं बीडात क्लासला. हजेरी क्लार्क घरी बसून भरतो. दीपमालाच्या गावाजवळ सायन्सचं दुसरं कॉलेज नव्हतं, म्हणून मामानं नाव तिथं घातलं. क्लास झेपणारा नव्हता, म्हणून क्लासला ती आलीच नाही. कुणाची जुनी पुस्तकं, मामाचा मोबाइल, यावर शिकली. आमच्या क्लासची पायरी ती त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा चढत होती. दारात तिनं चपला काढल्या, मुक्ताबाईनं परत घालायला लावल्या. आणि मी तिच्यासाठी लिहिलं होतं, ‘या क्लासच्या प्रत्येक बाकानं मला घडवलं.’

मला माहीत नव्हतं असं नाही. कालच सरांनी सांगितलं होतं, “कवी, एक पोरगी सापडलीय आपल्याच कॉलेजची. क्लासला न्हवती, पण आता करून घ्यायची. ऊसतोडीची हाय, लई चालंल.” सर मला कवी म्हणतात. मी आयुष्यात एक ओळ कविता केलेली नाही, पण एम.ए. मराठी झालेला माणूस त्यांच्या लेखी कवीच. हे विजयसिंह सर म्हणजे कोण? बापाकडं जमीन, चुलत्याकडं पंचायत समिती, आणि ह्यांच्या वाट्याला काहीच उरलं नव्हतं म्हणून ह्यांनी शिक्षण ताब्यात घेतलं. आधी डेअरी काढली, ती बसली. मग मंगल कार्यालय बांधलं, ते कोरोनात ओस पडलं. त्याच हॉलमध्ये बाकं टाकली आणि झाला क्लास. नवरा-नवरीच्या खुर्च्यांमागचा थर्माकोलचा मोर अजून स्टेजवर आहे, त्याच्या पोटावर फळा ठोकलाय. फिजिक्सचा मास्तर शिकवायला उभा राहिला की त्याच्या डोक्यामागून मोराची मान निघते. हा मास्तर आंध्रातून आणलेला, केमिस्ट्रीचा बिहारमधून. त्यांचं पोरांना कळत नाही, पोरांचं त्यांना कळत नाही, त्यामुळं भांडणतंटा नाही. आणि पालक? त्यांची तर वेगळीच जत्रा. पांढरी गाडी क्लाससमोर आडवी लावतात, माझ्या खुराड्यात येऊन गुडघे पसरून बसतात आणि म्हणतात, “आमचा सत्यम लई हुशार हाय सर, फकस्त अभ्यास करत न्हाई.” मी मान हलवतो. जिल्ह्यात अभ्यास न करणारी इतकी हुशार पोरं आहेत, की हा जिल्हा एव्हाना चंद्रावर असायला पाहिजे होता.

“सर?” पोरगी कागद धरूनच उभी होती. तिच्या मागं तिची आई, सारजाबाई, मांडीवर पिशवी घेऊन भिंतीला टेकून बसली होती. खुर्ची दिली होती, पण ती खाली बसली. तिची नजर समोरच्या भिंतीवरच्या फ्लेक्सवर खिळलेली. मागच्या वर्षीचे चेहरे, फेटे, हार.

“अगं, मनोगत असं लिहूनच देतात,” मी म्हणालो. “तुला ऐन वेळी सुचायचं नाही. कॅमेरा बघून भलेभले गांगरतात.”

“सुचंल की,” ती म्हणाली. “पर हे बाकाचं. मी तर एका बी बाकावर बसले न्हाई.”

मला तिचा राग आला, सरळ सांगतो. खोटं बोलायला लागतंय याचं दुःख बिख्ख काही नव्हतं तिच्या तोंडावर, असतं तर मी समजूत घातली असती. समजूत घालायची वाक्यं माझ्याकडं पोत्यानं आहेत. ती नुसतीच चूक दाखवत होती, गणितात दाखवतात तशी. एवढीशी पोर, पायातली चपल अंगठ्याला दोऱ्यानं शिवलेली, आणि ठसका मला! माझ्या मनात आलं, माज आहे. गरिबाचाही माज असतो, तो श्रीमंताच्या माजापेक्षा वाईट, कारण त्याला नावं ठेवता येत नाहीत.

सारजाबाई फ्लेक्सवरून नजर न काढता म्हणाली, “मग बस की घडीभर बाकावर. म्हंजी खोटं न्हाई ऱ्हात.”

मी हसलो, पण बाई थट्टा करत नव्हती. ती उठली, पिशवी काखेत मारली आणि लेकीचा दंड धरून हॉलकडं निघालीसुद्धा. हॉल रिकामा होता, रविवारची टेस्ट संपून पोरं गेलेली. मार्करचा आणि घामाचा वास तेवढा उरलेला. मी दारात उभा राहून बघत होतो. सारजाबाईनं लेकीला पहिल्या बाकावर बसवलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. “परतेक म्हनलंय ना सरांनी? मग परतेकावर टेक.” आणि ती पोरगी, जिनं मला अडवलं होतं, ती आईच्या मागं मुकाट्यानं बाकामागून बाक टेकत चालली. देवळात पोरगं मूर्तीमागून मूर्तीला हात लावत जातं तसं. मधल्या रांगेत थांबून म्हणाली, “हे हालतंय, आय.” सारजाबाईनं बाक हलवून बघितलं. “दे सोडून. तुला कुठं रोज बसायचंय.” मला हसू येत होतं आणि ते ओठापर्यंत येऊन कडू होत होतं. काय ही माणसं! खोटं बोलायचं तर बिनधास्त बोलावं. आधी ते खरं करून घ्यायचं आणि मग बोलायचं, असला उद्योग मी कुठं बघितला नव्हता.

पण त्या रिकाम्या हॉलच्या दारात मला उगाच अस्वस्थ वाटायला लागलं. हे मी कवा म्हनले. मी तरी काय कधी म्हणालो होतो? ‘अविरत परिश्रम’ हे मी म्हणालो होतो का? ‘यशाच्या शिखरावर’? लिंबागणेशला, आष्टीला, कुठकुठं सरांनी मला मार्गदर्शन शिबिराला पाठवलं. कुणातरी पुढाऱ्याचा वाढदिवस, मंडपात कोंबलेली पोरं, पुढं सोफ्यावर पोटं. मी माइक धरायचो आणि तोंड आपोआप सुरू व्हायचं. एकदा आष्टीत बोलता बोलता माझं लक्ष मंडपाच्या कापडातल्या भोकाकडं गेलं, त्यातून एक बैल दिसत होता. मी बराच वेळ त्या बैलाकडं बघत होतो, आणि भानावर आलो तेव्हा टाळ्या पडत होत्या. भाषण झालं होतं. कुणी केलं, देव जाणे. मनिषा, माझी बायको, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. ती म्हणते, “तुम्ही घरात मीठ मागता तेपण सूत्रसंचालन केल्यासारखं.” मी तिच्यावर चिडतो, पण त्या दिवशी बाकांमधून ती मायलेक परत येताना बघून मी मनातल्या मनात एखादं वाक्य शोधत होतो, जे माझं असेल. सापडेना. जीभ दातांवरून फिरवून बघितली, तेवढी तरी माझी होती.

आणि मार्गदर्शन म्हणे! ह्या शब्दाची तर मला शिसारी आहे. मला माझा मार्गदर्शक आठवतो. पीएच.डी.ला नाव घातलं होतं मी, जात्यावरच्या ओव्यांवर. सर्वांगसुंदर विषय. आमचे गाइड विद्यापीठात मोठं नाव. त्यांच्याकडं प्रकरण घेऊन गेलो की ते म्हणायचे, “हुरडा नाही आणला?” मग हुरडा आणायचा. मग गॅसची टाकी. मग त्यांच्या मेव्हणीला स्टँडवर सोडायचं. त्या माणसाला मी इतक्या वाटा दाखवल्या की मार्गदर्शन नेमकं कोण करत होतं, हाच प्रश्न. प्रकरणं त्यांच्या माळ्यावर धूळ खात राहिली, पुढं उंदरांनी त्यांचं परीक्षण केलं. पण त्याआधी मी गावोगाव हिंडलो होतो, म्हाताऱ्यांच्या पुढं मोबाइल धरून. एका म्हातारीनं ओवी सुरू केली, सासरची काहीतरी होती, आणि अर्ध्यात थांबली. मी म्हणालो, पुढं? ती म्हणाली, “फुडचं तुला न्हाई सांगायचं.” मी खूप गोड बोललो. चहापत्ती-साखर नेली. नाही म्हणजे नाही. तेव्हाही मला असाच राग आला होता. ज्यांना सही करता येत नाही त्यांनी शब्द असे राखून ठेवायचे, आणि मी एम.ए. होऊन ते फुंकत हिंडायचं!

“बसले सगळ्यांवर,” दीपमाला माझ्यासमोर येऊन म्हणाली. “आता बाकाचं म्हनते मी. पर हे एक वाक्य काढा सर.” तिनं कागदावर बोट ठेवलं. नख तुटलेलं, बोटावर शाईचा डाग. मला बघायची गरज नव्हती, मला ते वाक्य तोंडपाठ होतं. ‘माझे आई-वडील अडाणी. त्यांना शिक्षणाचं महत्त्व ठाऊक नव्हतं. पण विजयसिंह सरांनी त्यांना समजावलं आणि माझं आयुष्य उजळलं.’ हे माझं हुकमी वाक्य. बाकी मनोगत लोक मोबाइलवर पुढं ढकलतात, इथं येऊन थांबतात आणि डोळे पुसतात. ज्यांच्या बापाचे पेट्रोल पंपावर पेट्रोल पंप आहेत त्या पोरांसाठीसुद्धा मी ते थोडं वळवून वापरतो.

“काय वाईट आहे त्यात?” मी विचारलं.

“खोटं हाय.”

“बाकाचंपण खोटंच होतं.”

“बाकं लाकडाची हायेत. त्यांला काय,” ती म्हणाली. आईकडं बघितलं नाही, माझ्याकडंच बघत बोलली. “हिनं माझं लगीन ठरवलंतं सर. धाव्वी झाली तवा. साडी सुदिक घेतलती. मग हिनंच मोडलं. समद्या भावकीसंगं भांडून मोडलं, बापानं मारलं हिला, तरी न्हाई ऐकलं. तवा सर कुठं आलते समजवायला? ते कुठंय ह्याच्यात?”

“गप की!” सारजाबाई एकदम लाल झाली. “लोकाच्या दारात घरचं काय काढतीस? शिकायबिकायचं कुठं व्हतं त्यात? पोरगं बघितलं मी. कोयता धरायची अक्कल न्हवती त्याला. म्हनून मोडलं.” आणि मग माझ्याकडं वळून, ओशाळून, “लिव्हा सर तुमी. अडानीच हाव आमी. अडान्याला अडानी म्हनलं तर काय झिजतंय का? परवा मुकादमाची गाडी निघतीय, बैलं-भांडी भरायचीत. हिचं कागद द्या म्हंजी झालं.”

आता इथं खरं तर मला काय अडचण होती? पेन खिशाला होतं. एक रेघ मारली असती. सर मनोगत कधी वाचत नाहीत, त्यांना एका पानात आपलं नाव किती वेळा आलंय एवढंच बघायचं असतं. नाही तर त्याहून सोपं. कपाटाची किल्ली माझ्याच पॅन्टीच्या खिशात होती, बसलं की मांडीला टोचायची. सर अजून यायचे होते. कपाट उघडून म्हणता आलं असतं, घे बाई, पळ, नांदेडची गाडी गाठ. सरांनी फार तर चार शिव्या दिल्या असत्या, त्या ते एरवीही देतात. हे सगळं मला त्या क्षणी दिसत होतं, स्वच्छ. आणि मी म्हणालो, “हे बघ, वाक्य सरांनी पास केलेलं आहे. किल्लीपण सरांकडं असते. माझ्या हातात काय आहे?”

का म्हणालो? नोकरीची भीती म्हणाल तर ती आहेच, पण ती नव्हती. मला ते वाक्य तिच्या तोंडून ऐकायचं होतं. ह्या पोरीनं, जिला सगळं बरोबर-चूक कळतं, तिनंही ते म्हणावं. बाकीच्यांनी म्हटलं ना? लई शहाणी लागून गेली. मी माझं तोंड भाड्यानं दिलंय तर हिनं काय सोन्यानं मढवून ठेवायचं?

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. मग म्हणाली, “बरं,” आणि कोपऱ्यात जाऊन पाठ करायला लागली. ओठ हलत होते. फार वेळ लागला नाही तिला.

विजयसिंह सर उशिरा आले. कुठल्यातरी तेराव्याला गेले होते. कपाळाला बुक्का, अंगाला अत्तर, तोंडात पान. “कुठंय आपली डॉक्टर?” करत आले आणि दीपमालाच्या डोक्यावर हात ठेवला. “बाळ, तू जिल्ह्याची शान हायेस.” मग सारजाबाईला दोन्ही हात जोडून असा नमस्कार केला, की ती बिचारी जमिनीत जायला लागली. भारत फोटोग्राफरनं स्टेजवर लाइट लावले. फेटा आमचा तयार असतो, पिना मारून ठेवलेला, एकच, सगळ्यांच्या डोक्याला. आतून त्याचं अस्तर काळं पडलंय आणि त्याला इतक्या गुणवंतांच्या तेलाचा वास येतो की माझं डोकं दुखतं. भारतनं तो पोरीच्या डोक्यावर दाबला. मोठा होत होता. कानावर उतरला. “राहू दे, गोड दिसतंय,” सर म्हणाले आणि स्वतः तिच्या बाजूला मोराखाली उभे राहिले.

तिनं सुरू केलं. काय सांगू! एक अक्षर चुकली नाही. अविरत परिश्रम, अचूक मार्गदर्शन, यशाचं शिखर, माझे शब्द तिच्या तोंडून लख्ख निघत होते, आणि तिच्या आवाजात काहीही नव्हतं. बाकावर आली तेव्हा तिनं खरोखर बाकांकडं बघितलं. भारत खूश. सर मान डोलवत होते. आणि मग ती त्या वाक्यापाशी आली. “माझे आई-वडील,” म्हणाली आणि थांबली.

फेट्याखाली तिचं तोंड एवढंसं दिसत होतं. लाइटची भणभण ऐकू येत होती. कॅमेऱ्यामागं सारजाबाई उभी होती, पदर तोंडाशी धरून. सर हसऱ्या तोंडानं, ओठ न हलवता म्हणाले, “म्हण, बाळ. म्हण.” पोरगी आईकडं बघत राहिली. नको म्हणू, असं मला वाटलं का? नाही. मला वाटलं, म्हण एकदाचं, मोकळी हो. आणि सारजाबाईनं पदर बाजूला केला, मान हलवली, आणि लेकराला कडू औषध पाजताना आया बोलतात तसं हळूच म्हणाली, “म्हन माय. म्हन. म्या हाव ना इथं.”

“माझे आई-वडील अडाणी,” दीपमाला म्हणाली, आणि अडाणीवर तिचा आवाज फाटला. रडली नाही. आवाज तेवढा उभा चिरला, पुढची दोन वाक्यं तशीच चिरलेली बाहेर आली, आणि संपलं.

“वा!” सर ओरडले. “काय इमोशन आलं राव! भारत, आलं का? कवी, असं पाहिजे. असं आजवर एकाला जमलं न्हवतं.” टाळ्या वाजवल्या त्यांनी. भारतनं वाजवल्या. मुक्ताबाईनं ट्रे काखेत धरून वाजवल्या. मीपण वाजवल्या. माझ्या हाताला सवय आहे. सारजाबाई मात्र हात खाली सोडून उभी होती. ती कुणाकडंच बघत नव्हती, लेकीच्या डोक्यावरून फेटा काढत होती, पिनेत अडकलेले केस सोडवत, एकेक.

“कवी, द्या बाळाचे कागद,” सर म्हणाले, आणि फोन कानाला लावून दुसऱ्याच कुणाशी बोलायला लागले.

मी खिशात हात घातला आणि किल्ली काढली. माझ्या खिशातून. मायलेकी खुराड्याच्या दारात उभ्या होत्या. पोरीची नजर माझ्या हातावर होती. मी कपाटाशी वाकलो, कुलूप नेहमी अडतं, दोनदा फिरवावं लागतं, आणि तेवढ्या वेळात पाठीवर ती नजर मला कळत होती. मनात म्हणालो, बघ, बघ. काय बघायचं ते बघ. मी काय तुझा बांधील आहे? तुझं काम झालं ना? दाखला, मार्कशीट तिच्या हातात दिलं. तिनं उजेडात धरून नाव वाचलं, आईचं नाव वाचलं, दोन्ही कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले.

“पाया पड समद्यांच्या,” सारजाबाई म्हणाली. “मोठ्या कामाला चाललीस.”

आमच्याकडची ही रीतच आहे. ती सरांच्या पाया पडली, सरांनी फोनवर बोलता बोलताच आशीर्वाद दिला. भारतच्या पाया पडली, तो लाजून मागं सरकला, म्हणाला, “अगं, मी काय, मी तर फोटोवाला.” मुक्ताबाईच्या पाया पडली. मुक्ताबाईनं तिच्या तोंडावरून हात ओवाळून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली आणि रडली. मग ती माझ्या बाजूला वळली. मी पाय जुळवले, सवयीनं थोडा वाकलो, उजवा हात पुढं केला आणि म्हणालो, “असू दे, असू दे.”

ती माझ्यासमोरून निघून गेली. घाईत नाही. खुर्चीला वळसा घालून जातात तशी गेली.

सारजाबाई दचकली. तिनं एकदा लेकीकडं बघितलं, एकदा माझ्या पुढं आलेल्या हाताकडं. तिला लाज वाटली असणार, कारण ती स्वतःच माझ्या पायाशी वाकायला लागली. माझ्याहून वयानं मोठी बाई.

“आय,” जिन्यावरून पोरगी म्हणाली. “तू न्हाई.”

सारजाबाई अर्ध्यात थांबली. मग सरळ झाली, पदर खांद्यावर घट्ट घेतला आणि पायऱ्या उतरायला लागली. सर फोनवर कुणाला तरी सांगत होते की ह्या वर्षीचा व्हिडिओ जिल्हा हलवणार. मुक्ताबाई कप गोळा करत होती. माझा हात अजून पुढंच होता, आणि तोंडातून येतच होतं, “असू दे. असू दे.”